वाचक विचारतात: नर्सिंगला जाऊ का?

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडून येणाऱ्या पत्रांत नर्सिंगचे प्रश्न हमखास असतात. त्यातले काही निवडून त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. उत्तरं देणारी मंडळी वॉर्ड, उपकेंद्र आणि नर्सिंग कॉलेज अशा तिन्ही ठिकाणी काम केलेली आहेत.

प्रश्न: आजी दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मीच केलं. घरचे म्हणतात, तुझ्यात सेवाभाव आहे, तू नर्स हो. मलाही ओढ वाटते. पण घरच्या माणसाचं करणं आणि परक्याचं करणं सारखंच असतं का? आपल्याला हे जमेल का, हे आधी कसं ओळखायचं? (तासगाव)

सारखं नसतं. आजीच्या वेळी तुझ्यापुढं एकच माणूस होतं आणि तिच्या सवयी तुला लहानपणापासून माहीत होत्या. वॉर्डात एका सिस्टरकडं वीस-पंचवीस खाटा येणं आपल्याकडं नवलाचं नाही. ती माणसं कालच आलेली असतात, उद्या घरी जातात, आणि मधल्या वेळात त्यांचे नातेवाईक तुझ्यावर आवाजही चढवतात. तिथं मायेच्या जोरावर पहिला आठवडा निघतो, पुढची तीस वर्षं निघत नाहीत.

मग काय लागतं? आमच्या मते लक्ष लागतं, आणि ते तुझ्यात आहे का हे तुला घरीच पाहता येईल. झोपलेल्या माणसाशेजारी सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन बस आणि पूर्ण साठ सेकंद श्वास मोज. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक. जाग्या माणसाचे मोजायचे असतील तर त्याला सांगू नकोस, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी पाहते आहे असं दाखवून मनगट धरून ठेव आणि नजर छातीवर ठेव. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. हे दिवसातून तीनदा, सलग आठवडाभर कर आणि वहीत वेळेसह लिहून ठेव. पाचव्या दिवशी ‘काल १८ होते, आजही १८च असतील’ असं मनात येईल. त्या क्षणी तू मोजलंस की अंदाजानं लिहिलंस, हे फक्त तुलाच कळणार आहे.

एवढा आग्रह का, तर अनेक ठिकाणी वॉर्डातल्या तक्त्यावर सगळ्या रुग्णांचे श्वास १८ किंवा २० लिहिलेले सापडतात. ते मोजलेले नसतात. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला की रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, कारण हृदय जास्त वेगानं चालून तो धरून ठेवतं. श्वास मात्र आधीच वाढतो. सकाळी १८ असलेला आकडा दुपारी २६ झाला हे ज्या सिस्टरच्या लक्षात येतं, तिच्या फोनवर डॉक्टर वेळेत येतात. रक्तदाब घसरेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. सेवाभाव म्हणतात तो आम्हाला याच मिनिटभरात दिसतो.

घाण, वास, रक्त यांची धास्ती घेऊ नकोस, त्याची सवय होते. पहिलं ऑपरेशन पाहताना घेरी येणं हेही नेहमीचं आहे; डोळ्यांपुढं अंधारी येते आहे असं वाटताच मागं सरकून खाली बसायचं, झालं. पण दोन स्वभाव असतील तर नीट विचार कर. एक म्हणजे परावलंबी माणसाचा राग येणं. दुसरा त्याहून वाईट, चूक लपवणं. औषध चुकीचं दिलं गेलं तर पाच मिनिटांत सांगणारी सिस्टर रुग्णाला वाचवू शकते. भीतीनं गप्प बसणारी हुशार सिस्टर आम्हाला वॉर्डात नको वाटते.

मिरज तुझ्या जवळ आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं म्हणूनच ओळखलं जातं. तिथल्या एखाद्या कॉलेजात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोल. ‘आवडतं का’ असं विचारू नकोस. ‘कालच्या पाळीत तासातासाला काय केलं’ असं विचार.

प्रश्न: बारावी आर्ट्सला ५८ टक्के आहेत. तालुक्याच्या गावी एक संस्था सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स आणि लगेच नोकरी देते म्हणते. घ्यावा का? (जत)

नर्स व्हायचं असेल तर घेऊ नका. सहा महिन्यांत परिचारिका म्हणून नोंदणी मिळेल असा कोणताही अभ्यासक्रम नाही. असे कोर्स रुग्ण-सहायकाचं काम शिकवतात. ते काम प्रामाणिक आहे, पण त्यातून इंजेक्शन देण्याचा अधिकार येत नाही आणि सरकारी जागेला अर्जही करता येत नाही. फसगत अशी होते की छोट्या दवाखान्यात त्याच मुलींकडून इंजेक्शनं देऊन घेतात आणि काही बिघडलं की ‘ती नर्सच नव्हती’ म्हणून हात झटकतात.

मान्य वाटा तीन. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा, मुलगे-मुली दोघांना खुला. विज्ञान शाखेला प्राधान्य असलं तरी आर्ट्स-कॉमर्सही चालतं, मात्र किमान ४० टक्के हवेत आणि इंग्रजीत पास असायला हवं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. तिन्हींना वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. तुमच्यासाठी जीएनएम ही सरळ वाट आहे. त्यानंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही मिळते, म्हणजे आर्ट्समुळं दार कायमचं बंद झालेलं नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का पाहा, आणि मंजूर जागा किती तेही पाहा. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं अभिमत विद्यापीठ. संस्था तिसरंच नाव सांगू लागली तर उठून या. मग विचारा, स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं? निकष किमान १०० खाटांचा आहे. पण पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास वॉर्डातून एक चक्कर मारा. खाटा रिकाम्या असतील तर मुली शिकणार कुणावर? पुतळ्यावर शंभर इंजेक्शनं देऊन हात बसतो, पण घाबरलेल्या म्हातारीची बारीक शीर तिथं सापडत नाही.

फीबद्दल एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अभिमत विद्यापीठांची कॉलेजं असल्यानं इथं गोंधळ फार होतो. अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या.

प्रश्न: मुलगा नर्सिंगला जायचं म्हणतो. पाहुण्यांत सगळे नाकं मुरडतात. मुलानं हे करावं का? (कराड)

करावं. अतिदक्षता, ऑपरेशन थिएटर, अपघात विभाग, डायलिसिस, मानसोपचार, हाडांचा वॉर्ड इथं ‘ब्रदर’ना चांगली मागणी आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २० टक्के जागा पुरुषांच्या आहेत आणि सातव्या वेतन आयोगानुसार त्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. अडचण सांगायची तर लष्करी परिचर्या सेवेतला बी.एस्सी. प्रवेश फक्त मुलींना आहे. आणि प्रसूतिशास्त्र मुलांच्या अभ्यासक्रमातूनही सुटत नाही, याची मुलाला आधी कल्पना द्या. नाकं मुरडणारे पाहुणे आजारी पडले की याच पोराला फोन करतील; त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही.

प्रश्न: गणितात कच्ची आहे. नर्सिंगला गणित असतं का? (वाई)

असतं, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढं फारसं जात नाही. मात्र ते चुकून चालत नाही.

समजा ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि हाताशी असलेल्या सलाईनच्या नळीतून, म्हणजे सेटमधून, २० थेंबांना १ मिली पडतं. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार केला की ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. लहान मुलांच्या सेटमधून ६० थेंबांना १ मिली पडतं, तिथं तर हिशोबच नको: तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय हिशोब सुरू करायचा नाही. इथंच घाई होते.

हिशोब बरोबर आला तरी काम संपत नाही. रुग्णानं हात दुमडला की थेंब थांबतात, सरळ केला की धावतात. म्हणून बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून दर तासाची रेघ मारायची. वरच्या उदाहरणात १२५ मिलीला एक. मग लांबूनही कळतं, सलाईन पुढं पळतंय की मागं पडलंय. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला चार तासांचं सलाईन तासाभरात गेलं तर फुफ्फुसांत पाणी साचून दम लागतो.

इन्सुलिनचा घोळ तर घराघरांत होतो. बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर ते अर्धा मिली होतं, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. रुग्णाची साखर घसरून तो बेशुद्ध पडतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्यानं वाचा.

रोज पाच उदाहरणं सोडवलीत तर दोन महिन्यांत भीती जाते.

प्रश्न: एएनएम आहे, वय ३६, खाजगी दवाखान्यात नऊ वर्षं झाली. आता पुढं शिकायला उशीर झाला का? (फलटण)

जीएनएमसाठी वयाची मर्यादा ३५ आहे, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत नोंदणीकृत एएनएमला ती अट नाही. तेव्हा वाट मोकळी आहे. आधी स्वतःची नोंदणी चालू आहे का पाहा. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी कार्यशाळांची प्रमाणपत्रं लागतात. खाजगीत काम करणाऱ्या बऱ्याच जणींचं हे राहून जातं. दवाखान्याकडून अनुभवाचा दाखला छापील लेटरहेडवर तारखांसह आजच घ्या. डॉक्टर बदलले, दवाखाना विकला गेला की नऊ वर्षांचा पुरावा उरत नाही.

प्रश्न: जीएनएम झाले. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जागा निघेल असं ऐकते. पण मैत्रिणी म्हणतात, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, गावात शिकायला काय मिळणार? (पाटण)

मोठ्या हॉस्पिटलात यंत्रं शिकाल, तेही हवंच. पण गावात शिकायला मिळत नाही हे आम्हाला अजिबात मान्य नाही. मैदानी भागात साधारण पाच हजार लोकांमागं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखालचं एक उपकेंद्र, डोंगरी भागात तीन हजारांमागं. पाटण-जावळीसारख्या भागात पावसाळ्यात रस्ता बंद झाला की त्या लोकांसाठी तुम्हीच हॉस्पिटल.

साप चावल्याचंच घ्या. पाटण असो की शिराळा, भातलावणीच्या दिवसांत असे रुग्ण येणारच. घोणस-फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं, आणि ते ओळखायची चाचणी सिस्टरच्या हातात असते. शिरेतून २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. सोपं वाटतं ना? तरी चुकतं. प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या काचेतही नाही, मग विष नसतानाही असल्यासारखं दिसतं. मध्येच हलवून पाहिलं तरी निकालावर भरवसा उरत नाही. म्हणून नव्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि ‘धुऊ नये’ अशी चिठ्ठी लावायची. नाग आणि मण्यार चावल्यावर ही चाचणी नॉर्मल येते. तिथं पापण्या जड होणं, गिळता न येणं याकडं पाहायचं आणि पुन्हा श्वास मोजायचे. मण्यारीच्या दंशाला सूजही फारशी नसते, त्यामुळं ‘काही झालं नाही’ म्हणून घरी पाठवलेला माणूस पहाटे जातो.

लसीकरणाचंही तसंच. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. ‘एका बाळासाठी कुपी कशी फोडू’ म्हणून त्याला परत पाठवलं तर त्याची आई दोन डोंगर उतरून पुन्हा येईलच असं नाही. कुपी फोडा.

पुढं बी.एस्सी. केलंत तर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याचा रस्ताही आहे. त्याला सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं.

प्रश्न: तीस खाटांच्या दवाखान्यात लागले. पगार ११ हजार, आणि ‘बाँड’ म्हणून मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली आहेत. (सांगली)

मूळ प्रमाणपत्रं मागून घ्या, आणि लेखी मागा. साध्या कागदावर अर्ज लिहून पोच घ्या. दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर कागद परत मिळतात. पुढच्या नोकरीत मूळ प्रत दाखवायची, साक्षांकित प्रत द्यायची, मूळ कधीही ठेवून यायची नाही.

पगाराचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं ५० खाटांपेक्षा लहान खाजगी दवाखान्यातही परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका असावा अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि तिथंच घोडं अडलं. हे अन्यायाचं आहे. कामाला देवधर्माचं नाव देऊन पोटाला चिमटा काढायला लावणं कुणालाच शोभत नाही. तुम्ही वर्षभराचा अनुभव लेखी घ्या, तोवर सरकारी भरतीचा अभ्यास सुरू ठेवा आणि मोठ्या हॉस्पिटलांत अर्ज करा.

प्रश्न: एजंट आखाती देशात नोकरी लावतो म्हणून तीन लाख मागतो. (विटा)

देऊ नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला नियमानं ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पर्यटक व्हिसावर जा, तिथं बदलून देऊ असं म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

प्रश्न: दुसऱ्या वर्षाला आहे. काल वॉर्डात वापरलेली सुई बोटाला लागली. ओरडा बसेल म्हणून कुणाला सांगितलं नाही. काय करू? (सातारा)

या पत्राला आम्ही लगेच पोस्टानं उत्तर पाठवलं. इतरांसाठी इथं देतो.

सुई लागली की बोट वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. त्यानं इजा वाढते, संरक्षण मिळत नाही. त्याच मिनिटाला इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्य तर दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्यांची गरज आहे का हे डॉक्टर ठरवतात, त्यासाठी रुग्णाची आणि तुमची रक्ततपासणी होते. ‘ब’ काविळीचा धोका सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात लसीचे डोस सुरू करायचे: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडं १० च्या वर आहेत ना हे तपासून कागद जपून ठेवायचा. लस घेतलेली नसेल तर तेही लगेच सांगायचं, कारण त्यासाठीचं वेगळं इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत घ्यायचं असतं.

सुया लागतात त्या बहुतेक दोनच वेळी: वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवताना, आणि काठोकाठ भरलेल्या पांढऱ्या डब्यात सुई कोंबताना. टोपण बसवायचंच नाही. डबा तीनचतुर्थांश भरला की बदलायचा.

काल लागली असेल तर अजून वेळ आहे. ओरडा बसला तर बसू दे. आजची पाळी संपायच्या आत सांग, आणि नोंदवहीत तारीख-वेळ लिहिलेली तुझ्या डोळ्यांनी पाहूनच घरी जा.